सात रिकामे ठोके

पनवेल,
श्रावण शुद्ध प्रतिपदा

चि. छकुलीस,


काल दिव्यांची अवस झाली. घरातल्या समया, निरांजनं, तो तुझ्या पणजीचा तुटक्या साखळीचा लामणदिवासुद्धा चिंच लावून घासला, कणकेचे गोड दिवे उकडले, आणि तू नाहीस म्हणून चार कमीच केले. रात्री पाटावर सगळे दिवे मांडून नुसती बघत बसले होते, तेवढ्यात तुझा निरोप आला. मोबाइलवर बोटानं अक्षरं हुडकत उत्तर लिहायला बसले असते तर ते पुरं होईपर्यंत गणपती येऊन गेले असते, म्हणून आज पहाटे उठून हे कागद घेतले. वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तुझा निरोप मी तीनदा वाचला. ढोल-ताशा पथकात जाऊन तीन आठवडे झाले, अजून ढोलावर पहिलाच हात घोटून घेतायत, ताशा हातात द्यायचं नाव नाही, मैत्रिणीच्या पथकात म्हणे दुसऱ्याच दिवशी ताशा देतात, तर आजी मी तिकडे जाऊ का, आणि स्वतःचा ताशा विकत घेतला तर बाबा ओरडतील का, हे सगळं एका दमात, एकही विरामचिन्ह न टाकता. बाळ, त्या निरोपात मला टेकायला कुठे ओटाच सापडला नाही गं.

तू कामाला मागे सरणारी नाहीस हे मला कुणी सांगायला नको. कॉलेज करून, डबा खाऊन, संध्याकाळी नदीपात्रात जाऊन दोन-दोन तास कमरेला ढोल बांधून उभी राहतेस, हातांना फोड आले तरी आईला सांगत नाहीस (मला सांगतेस, ते बरं करतेस). तुझी काळजी अशी मला नाहीच. आहे ती तुझ्या घाईची, आणि ती तू कुठून आणलीस तेही मला पक्कं माहीत आहे, कारण ती माझीच आहे. तुझ्या बाबाला यातलं अर्धंच ठाऊक आहे; पुरी गोष्ट आज तुला सांगते.

मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे.

हसू नकोस. १९६९ साल, मी नववीत. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे, रायगड हे नाव १९८१ साली आलं. नवीन पनवेल नव्हतं, खांदा कॉलनी नव्हती. पनवेल म्हणजे टपाल नाका, लाइन आळी, कापड बाजार, कोळीवाडा आणि बंदराकडे उतरणारा रस्ता, बस्स. शाळेच्या बँडमध्ये सहा साइड ड्रम, एक बिग ड्रम, चार बिगुल, झांजांची एक जोडी आणि एक लोखंडी त्रिकोण. सहा ड्रम होते पण सरळ चालत वाजवतील अशी सहा मुलं त्या वर्षी मिळेनात, म्हणून बँडच्या सरांनी आम्हा चौघी मुलींना उभं केलं. वडील घरी म्हणाले, मुलीच्या जातीनं गळ्यात नगारा अडकवून भर बाजारातून जायचं? माझी आजी कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, देवळातला नगारा तुम्हांला चालतो ना? मग हा त्याचाच धाकटा भाऊ. वडील पुढे काही बोलले नाहीत. त्या घरात आजीच्या पुढे बोलायची रीतच नव्हती, आताच्यासारखी नाही!

सर पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन आलेले. बुटके, इस्त्रीची खाकी पँट, आणि आवाज असा हळू की ऐकायला आपोआप गप्प व्हावं लागायचं. त्यांनी पहिले दोन महिने आम्हांला ड्रमला हात लावू दिला नाही. घरून एकेक पाट आणायला सांगितला, सायकलच्या दुकानातून टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे फुकट मागून आणले आणि प्रत्येकीच्या पाटावर चार चुका ठोकून बसवून दिले. हा तुमचा ड्रम, म्हणाले. आईनं तो पाट बघितला आणि कपाळाला हात लावला, कारण तो चौरंगाच्या खालोखाल मानाचा, जावयांना बसायला द्यायचा पाट होता. मी घाईत हाताला लागला तो उचलून नेला होता. बघ, तिथपासूनच घाई.

आणि काड्या? त्या सरांकडे दोनच जोड होते, तेही वरच्या वर्गातल्या मुलांकडे. मुंबईहून नव्या मागवायच्या तर पैसे. पण आपलं पनवेल त्या काळात बैलगाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव, जुन्या इंग्रजी गॅझेटियरातसुद्धा पनवेलच्या चाकांचं नाव सापडेल. आमच्या घराच्या मागे एक सुतार होते, त्यांच्या अंगणात कायम बाभळीचा भुसा आणि गवऱ्यांचा धूर. मी त्यांच्याकडे गेले. ते चाकावर धाव चढवत होते. धाव म्हणजे चाकाला बाहेरून बसवतात ती लोखंडी पट्टी, आता तू कुठून बघणार म्हणा. ती चाकाहून अंमळ लहानच बनवतात. गवऱ्यांच्या आगीत गोल रचून ती लाल करायची, तापली की ती फुगते, मग तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर घालायची, घणानं बसवायची आणि वर पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, वाफेत माणसं दिसेनाशी होतात, आणि लोखंड आवळत जाताना लाकडाच्या सांध्यांतून कुरकुर ऐकू येते. आरे, पाटे सगळे एकमेकांत घट्ट बसतात. मी म्हटलं, काका, मला काड्या हव्या आहेत, आज मिळतील? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आग अजून लाल नाही. मी तिथे दोन तास बसले. धाव चढली, पाणी ओतून झालं, चहा झाला, मग त्यांनी एका मोडक्या आऱ्याचा तुकडा उचलला, उभा चिरला, रंध्यानं आणि पटाशीनं तासून दोन काड्या केल्या, टोकाला बोंड ठेवलं आणि काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत केल्या. पैसे घेतले नाहीत. आईनं दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे वाटीभर लिंबाचं लोणचं पाठवलं.

त्या काड्या जड होत्या. सरांनी हातात तोलून पाहिल्या आणि म्हणाले, उत्तम, याच वापर, मनगट तयार होईल. मग रोज सकाळी साडेपाचला मी उठायचे. आई बंब पेटवत असायची, त्या धुरात चूळ भरून, पाट बगलेत मारून शाळेच्या मैदानावर. वडाळे तलावावर धुकं असायचं, म्हशी घेऊन जाणारी पोरं आमच्या पाटांकडे बघून विचारायची, जेवायला चाललात का? तलाव आहे अजून तिथेच, भोवती चांगला फिरायचा रस्ता केला आहे, तू आलीस की जाऊ. पहाटेच्या हवेत काडीचा रबरावरचा आवाज इतका स्पष्ट यायचा की सहाजणांत कुणाचा डावा हात कच्चा आहे ते सर पाठमोरे उभे राहून सांगायचे. डावा माझाच कच्चा असायचा.

साइड ड्रमवर सगळं काम दोन्ही हात सारखे असण्याचं असतं. उजव्याचे दोन, डाव्याचे दोन, उजव्याचे दोन, डाव्याचे दोन, असं आधी सावकाश आणि मग हळूहळू जलद करत गेलं की वेगळे ठोके ऐकूच येत नाहीत, नुसता कापड फाडल्यासारखा सलग आवाज येतो. तुमच्या ताशाच्या तर्रीची ही मावसबहीणच म्हण. इंग्रजी पलटणीत शिकवताना त्याला आई-बाबांची नावं देत. सर आमच्याकडून म्हणून घ्यायचे, आ-ई, बा-बा, आ-ई, बा-बा. महिनाभर मैदानावर सहा घोडमुली आणि घोडमुलं आईबाबांचा जप करत होती. डावा हात सुधारावा म्हणून मी डाव्या हातानं ताक घुसळलं, डाव्या हातानं दात घासले, आणि एकदा डाव्या हातानं वाढायला गेले तेव्हा आजीनं वातीच्या डब्यानंच हाणलं. अजूनही मी डाव्या हातानं खोबरं किसते, बघितलं असशील.

पण मला बसवत नव्हतं. मला पाट नको होता, ड्रम हवा होता, आणि ड्रम मिळाल्यावर पहिली जागा हवी होती. ती मिळालीही. १५ ऑगस्टला तहसील कचेरीसमोर झेंडावंदन आणि शाळांचं संचलन, त्यात मी पहिल्या रांगेत उजव्या टोकाला.

आदल्या रात्रीपासून पाऊस. त्या वेळी ड्रमवर खरं चामडं असायचं, आणि आपल्या पनवेलच्या श्रावणात चामडं म्हणजे भिजलेला पापड. ठोका मारला तर धप्प. बाजूच्या दोरीवर चामड्याच्या छोट्या चकत्या असतात, त्या खाली सारल्या की दोरी आवळते आणि पान ताठ होतं, पण ओलाव्यापुढे त्याही किती पुरणार? सरांनी शाळेच्या व्हरांड्यात कोळशाची शेगडी ठेवली होती, आणि आम्ही सहाजण पापड भाजल्यासारखे ड्रम फिरवत बसलो होतो. कुणाला किती शेक द्यायचा ते सर बोटाची टिचकी मारून, कान लावून ठरवत. अधीरपणा करून पान जवळ नेलं तर ते तडकणार, आणि शाळेकडे दुसरं नव्हतं. तेवढं मी पाळलं. माझी चूक दुसरीकडेच झाली.

आमचं ठरलं होतं की व्यासपीठ जवळ आलं की साइड ड्रम थांबायचे. आठ ठोके एकटा बिग ड्रम, नवव्याला आम्ही सहाही एकदम घुसायचं आणि मानवंदना. आठ ठोके म्हणजे किती गं? पलटणीची चाल मिनिटाला १२० पावलांची, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. सगळे मिळून चार सेकंद. पण हातात काड्या वर धरून, पावसाचं पाणी भुवईवरून गळत असताना, समोर मामलेदार आणि अख्खं गाव उभं असताना चार सेकंद काही न करता चालायचं म्हणजे काय ते तुला सांगून कळणार नाही. सहाव्या ठोक्याला माझे हात फुरफुरले आणि सातव्याला मी घुसले.

शेजारची मला बघून घुसली. तिसरी तिला बघून. बाकीचे तिघे बरोबर थांबले होते, त्यांनी नवव्याला सुरुवात केली. मग एकीकडे तिघी, दुसरीकडे तिघे, मध्ये बिचारा बिग ड्रमवाला. बिग ड्रमचा जोराचा ठोका डाव्या पायावर पडायचा असतो, सगळी रांग त्याच्याकडे कान लावून पाय टाकते. तो गोंधळला, त्याचा जोराचा ठोका उजव्या पायावर पडला, आणि मागून येणाऱ्या दोनशे मुलांनी पाय बदलायला सुरुवात केली. कुणी बदलला, कुणी नाही. पाचवीची मुलं एकमेकांच्या टाचा तुडवत हसायला लागली, एकाची चप्पल चिखलात राहिली आणि ती आणायला तो उलटा पळाला. मामलेदारांचा हात कपाळाला तसाच. ते सभ्य गृहस्थ होते, त्यांनी शेवटची रांग जाईपर्यंत हात खाली केला नाही.

सर काही बोलले नाहीत. मी घरी येऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेले तर त्यांनी माझा ड्रम शांतपणे दुसऱ्या मुलाच्या गळ्यात घातला आणि माझ्या हातात तो लोखंडी त्रिकोण दिला. दोरीला टांगलेला त्रिकोण आणि एक सळई. आठात एक वाजवायचा, म्हणाले, पहिला. बाकीचे सात रिकामे. ते टाकून द्यायचे नाहीत, मोजायचे.

दीड महिना मी तो त्रिकोण वाजवला. रडून झालं, सर मुद्दाम करतात असं घरी सांगून झालं, आजीकडे तक्रार करून झाली (ती म्हणाली, घंटा आहे ना ती, मग देवाचंच काम आहे). पहिल्या आठवड्यात मी एक वाजवून उरलेले सात मनात पळवायचे, आणि पुढच्या एकावर कधी लवकर, कधी उशिरा पोचायचे. सर फक्त मान हलवत. मग एका सकाळी काय झालं कोण जाणे, मी मोजताना पाय मोजायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. आणि एकदम लक्षात आलं की सातांत काहीतरी चाललेलं असतं. दुसऱ्या ठोक्याला झांजवाला श्वास घेतो. चौथ्याला साइड ड्रमची कलाकुसर संपते. सहाव्याला बिग ड्रमवाल्याचा सोटा वर जातो, आणि तो वर असताना क्षणभर कुणाचाच आवाज नसतो. ड्रम वाजवत होते तेव्हा यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं. कशी ऐकणार, माझाच आवाज होता ना सगळा!

त्या वर्षी २ ऑक्टोबरला गांधीजींच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली, म्हणून सगळ्या शाळांची प्रभातफेरी होती. पाऊस सरलेला, गवत अजून हिरवं, आम्ही टपाल नाक्यावरून कापड बाजारात आलो तेव्हा दुकानं उघडायची होती आणि फळ्यांच्या बंद दारांवरून ड्रमचा आवाज दुप्पट होऊन परत यायचा. मी आठात एक त्रिकोण वाजवत चालले होते. इतका बारीक आवाज, पण अरुंद गल्लीत तो सगळ्यांच्या वरून तरंगत जायचा. लाइन आळीत एक म्हातारी खिडकीत बसून माझ्याबरोबर बोटं मोजत होती, आणि प्रत्येक आठव्याला माझ्याकडे बघून मान डोलवायची. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली, बाकी फेरी धूसर झाली आहे, ती खिडकी तेवढी आहे.

आता तुझ्या ताशाचं. मी तुमच्या पथकातली नाही, पण तुझ्या बाबाबरोबर पुण्याचे गणपती बघायला अनेक वर्षं आले आहे आणि नुसती उभी राहिलेली नाही, नीट बघितलं आहे. पूर्वी ही पथकं मावळ-मुळशीकडच्या गावांतून येत. शाळा-कॉलेजांतली मुलं-मुली कमरेला ढोल बांधून रस्त्यावर आली ती ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांसारख्या माणसांमुळे, म्हणजे तुझ्या मागे चांगलीच मोठी रांग उभी आहे. तुमच्या पथकात ढोल पन्नास असतील तर ताशे किती? मोजून बघ उद्या. ढोल टिपरू आणि थापेनं चाल धरून ठेवतो, पण कधी उठायचं, कधी बसायचं, हात कधी बदलायचा हे ताशा सांगतो. ढोलवालीनं घाई केली तर एक ढोल चुकेल, शेजारची कोपरानं ढोसून तिला जागेवर आणेल. ताशावालीनं घाई केली तर पन्नास ढोल तिच्यामागे धावत सुटतील, माझ्या दोनशे मुलांसारखे. दुसऱ्या दिवशी ताशा हातात देणारं पथक मला उदार वाटत नाही बाई, मला ते बेफिकीर वाटतं. माझं मत आहे, तू ठरव.

आणखी एक. लय कुणाची उतरत नाही, चढते. गर्दी ओरडते, गुलाल उडतो, रक्त तापतं आणि सगळे नकळत पुढे पळायला लागतात. त्यात पथक लांब असलं की आवाजालाही वेळ लागतो. तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ताशापासून ३४ मीटर मागे उभी असलेली ढोलवाली प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं उशिरा ऐकते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ठोके अर्ध्या सेकंदाला पडत असतील तर तो ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला, आणि तेवढ्यानं सगळा गलका होतो. सर सांगायचे, मागच्या रांगेनं कानानं वाजवायचं नाही, डोळ्यांनी वाजवायचं, बिग ड्रमचा सोटा बघायचा. तुमच्याकडे पथकप्रमुख हात वर करून खुणा करतात ना? त्यांच्या हाताकडे बघ, ताशाच्या आवाजाकडे नाही. हे मी तुला फोनवर सांगितलं असतं तर तू हो-हो म्हणून ठेवलं असतंस.

कानांचं मात्र ऐकच. माझ्या उजव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, ती वयानं की झांजवाल्याच्या शेजारी चालल्यानं ते डॉक्टर सांगत नाहीत, दोघांनाही दोष देतात. त्यांनी मला एक हिशेब समजावला, तो भाकरी निम्मी करत जाण्यासारखा सोपा आहे: ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, असं करत १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमचं पथक शंभराच्या वरच जात असणार. कापसाचा बोळा पुरत नाही, मेडिकलच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते घाल, सगळ्यांना घालायला लाव, हसले तर हसू देत. २०२४ साली हरित लवादानं पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, तेव्हा तुझ्या बाबानं पेढे वाटले. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तुमच्या सरावाच्या जागेजवळ कुणी माझ्यासारखी म्हातारी आजारी पडून असेल, तिलाही आवाज जातो. दहाच्या आत आटोपत जा.

ताशा विकत घेऊ नकोस. पथकाचा आहे, तोच वाजव, वेळ आली की देतील. ते पैसे राहू देत बँकेत. त्याऐवजी मी आज टपालानं एक पार्सल टाकते आहे. त्यात तुझ्या पणजीच्या सुती नऊवारीचा काठ काढून, चौपदरी घडी घालून, धावदोरा घालून शिवलेला पट्टा आहे. ढोलाची दोरी कमरेला काचते ना, तिच्याखाली तो घे. नऊवारी सव्वीस धुण्यांनी नव्हे, सव्वीस वर्षांच्या धुण्यांनी मऊ झालेली आहे, असली माया दुकानातल्या स्पंजाला नाही. पट्टा रोज वाळव, ओला घडी करून ठेवू नकोस, दोरीवर पसर. फोडांवर रात्री हळद आणि खोबरेल, आणि फोड फोडायचा नाही, तिथेही घाई नको.

आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, त्या दोन काड्या आहेत. बाभळीच्या, आऱ्याच्या. ताशाच्या वेताच्या काड्यांपुढे त्या मुसळासारख्या वाटतील, ताशावर त्या चालवूच नकोस, पान फाटेल. रोज पहाटे खोलीत, उशीवर, दहा मिनिटं. आ-ई, बा-बा. आधी अगदी सावकाश, इतकं सावकाश की तुला कंटाळा येईल, मग अजून थोडं सावकाश. तुझी खोलीतली मैत्रीण वैतागली तर तिला त्यातली एक काडी दे, दोघी मिळून करा. त्यांच्याबरोबर पाटही पाठवला आहे, त्याच्यावरचं रबर तिसऱ्यांदा बदललं आहे, पण चुका त्याच आहेत, सरांनी ठोकलेल्या.

विसर्जनाला मी येणारच. बाबा म्हणतो गर्दीत आजी कशाला, तर त्याला सांग आजी लक्ष्मी रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसेल, कानात फोमचे बोळे घालून. तू ढोलावर असलीस तरी मला दिसशील. पहिला हात असला तरी चालेल.

इथे सकाळपासून रिमझिम आहे. शेजारच्यांच्या छपरावरून आपल्या पिंपात पाणी पडतंय, टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप्. किती मोजून झाले ते विचारू नकोस. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठते.

तुझी,
आजी

ता. क. – पार्सलमधला पाट दिवाळीला येताना आठवणीनं परत आण. तो माझ्या आईचा आहे, आणि जावयाला बसायला द्यायचा पाट आहे. तुझ्या वेळेला लागेल. त्याचीही घाई नाही.